मैदानाच्या फाटकापासून आतपर्यंत : आयर्लंडमधील गेलिक खेळ आणि स्थानिक धर्मादाय संस्थेचे काम

आयर्लंडमधल्या बहुतेक गावांत शनिवारी सकाळी गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांच्या, क्लबच्या मैदानावर सहा-सात वर्षांची मुले हातात कमॉन, म्हणजे हर्लिंगची रुंद पात्याची काठी, घेऊन चेंडूमागे धावताना दिसतात. त्याच गावात राहणारी आणि त्याच शाळेत शिकणारी काही मुले मात्र तिकडे फिरकत नाहीत. त्यांना कोणी अडवलेले नसते. नावनोंदणी कुठे करायची हे आईवडिलांना ठाऊक नसते, हेल्मेट परवडत नाही, दुसऱ्या गावी सामना असला तर न्यायला गाडी नसते, आणि विचारायचे तर कोणाला, हेही कळत नाही. डब्लिनजवळच्या आमच्या वस्तीत एका लहान संस्थेबरोबर काही हंगाम काम केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, संस्थेने क्लबचे काम अंगावर घेऊ नये. फाटकापासून मैदानाच्या आतपर्यंतचे ते वीस-पंचवीस पावलांचे अंतर तेवढे आपले मानावे आणि ते नीट सांभाळावे. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आणि असे काम हाती घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

आरंभी या खेळांची घडण समजून घ्यावी, कारण संस्थेचे सगळे व्यवहार तिच्याशी जुळवून घ्यावे लागतात. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी परगण्यातील थर्लस येथे हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्यूसॅक हे तिच्या संस्थापकांत अग्रणी होते आणि मॉरिस डेव्हिन पहिले अध्यक्ष झाले. हर्लिंग, गेलिक फुटबॉल, हँडबॉल आणि राउंडर्स हे तिचे खेळ. कमोगीची, म्हणजे स्त्रियांच्या हर्लिंगची, संघटना 1904 मध्ये आणि महिला गेलिक फुटबॉलची 1974 मध्ये उभी राहिली. या तिन्ही संघटना 2027 पर्यंत एकत्र आणण्याचे ठरले आहे. पण तोवर एकाच घरातील मुलगा आणि मुलगी वेगवेगळ्या संघटनांच्या नियमांखाली खेळतात, याची कल्पना पालकांना आधीच द्यावी. क्लबची हद्द साधारणपणे चर्चच्या पॅरिशप्रमाणे ठरते आणि क्लब गावाचा असतो. क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारा खेळाडूही हौशीच असतो. खेळण्याचे वेतन त्याला मिळत नाही आणि सोमवारी सकाळी तो आपल्या शाळेत, शेतावर किंवा कचेरीत कामाला हजर होतो. प्रशिक्षक, गोलखांबामागे उभे राहणारे पंच, गवत कापणारे, चहा करणारे, बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात. आयरिश भाषेत शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकाचे काम उरकून देण्याला मेहल म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकेची आठवण ज्याला आहे, त्याला क्लब कसा चालतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता कायद्याची बाजू. उत्साहाच्या भरात तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि नंतर सगळे अडते. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात 2009 च्या धर्मादाय कायद्यानुसार, करसवलत मिळालेली हौशी क्रीडासंस्था धर्मादाय संस्था ठरू शकत नाही. तिच्यासाठी करकायद्यात वेगळी तरतूद आहे. त्यामुळे ‘गेलिक खेळांचा प्रसार’ एवढाच उद्देश लिहून नोंदणीला गेलात तर अर्ज अडण्याची शक्यता मोठी आहे. त्याच कायद्यात समाजाच्या हिताचे म्हणून जे उद्देश दिले आहेत, त्यांत वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे गरजू असलेल्यांना साहाय्य, आरोग्यसंवर्धन, वांशिक सलोखा, आणि वंचितांना समाजात सामावून घेऊन त्यांच्या पूर्ण सहभागाला चालना देणे यांचा समावेश आहे. आपले खरे काम यांपैकी कशात बसते हे शांतपणे ठरवावे आणि घटनेत तसेच लिहावे. खेळ हे त्या उद्देशाचे साधन आहे, असे मांडावे. ही केवळ शब्दांची कसरत आहे असे कोणी समजू नये, कारण पुढे पैसा कशावर खर्च करता येईल आणि कशावर नाही, याचे उत्तर याच वाक्यातून मिळते. गरजू मुलाचे हेल्मेट त्यात बसते, क्लबच्या ज्येष्ठ संघाचे नवे जर्सी बसत नाहीत.

उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांत चित्र वेगळे आहे. जीएए सगळ्या बेटाची एक असली तरी तिथला कायदा निराळा आहे, आणि 2008 च्या तिथल्या धर्मादाय कायद्यात हौशी खेळांचा विकास हा स्वतंत्र धर्मादाय उद्देश मानलेला आहे. बेलफास्ट किंवा डेरीत राहणाऱ्यांनी तिथल्या धर्मादाय आयोगाचे नियम पाहावेत. डब्लिनमधल्या ओळखीच्या माणसाने दिलेला नमुना उतरवून घेऊ नये.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी नवी संस्था काढूच नये. आपल्या गावात कुटुंब साहाय्य केंद्र, स्थलांतरितांसाठी काम करणारी संस्था किंवा अपंग मुलांच्या पालकांची संस्था बहुधा असतेच. धर्मादाय नियामकाच्या सार्वजनिक नोंदवहीत शोध घेतल्यास तिचे नाव, उद्देश आणि विश्वस्त दिसतात. अशा नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली एक उपक्रम म्हणून काम सुरू केले, तर हिशेब, विमा आणि बँकेचे खाते या तिन्ही गोष्टी तयार मिळतात. वर्षभराने स्वतंत्र संस्था हवीच असे वाटले तर एकमेकांच्या नात्यातले नसलेले किमान तीन विश्वस्त, लेखी घटना, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांच्या आत नियामकाला वार्षिक अहवाल देण्याची तयारी ठेवावी. विश्वस्तांमध्ये पती-पत्नी आणि मेहुणा अशी घरचीच मंडळी घेण्याचा मोह आपल्याकडे होतो, तो टाळावा.

यानंतर क्लबकडे जावे, आणि हातात यादी घेऊन न जाता प्रश्न घेऊन जावे. सचिवांना छोटेसे पत्र पाठवून वेळ मागावी. भेटीला क्लबचे बाल अधिकारीही असावेत अशी विनंती करावी, कारण लहान खेळाडूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेले हे पद प्रत्येक क्लबमध्ये असते आणि आपला बराच संबंध त्यांच्याशीच येणार असतो. कोणत्या वयोगटात मुले कमी आहेत, कोणत्या शाळेतून मुले येत नाहीत, कोणत्या दिवशी प्रशिक्षक अपुरे पडतात, हे विचारावे. क्लबला आपल्या उणिवा ठाऊक असतात, पण बाहेरच्या माणसाने त्या दाखवलेल्या आवडत नाहीत. बोलणे झाले की दोन पानांचा करार लिहून घ्यावा : संस्था कशाचे पैसे देणार, क्लब कोणती जागा आणि कोणते प्रशिक्षक देणार, मुलांची माहिती कोणाकडे राहणार, अपघात झाल्यास कोणाचा विमा लागू होणार. जीएएच्या दुखापत निधीचा आधार नोंदणीकृत सदस्यांनाच मिळतो. म्हणून ‘आधी चार आठवडे खेळून बघू दे, मग नाव घालू’ हे वाक्य कितीही सोयीचे वाटले तरी अशा मुलांची व्यवस्था काय, हे क्लबकडून आधी स्पष्ट करून घ्यावे.

नोंदणी फ्विरन नावाच्या संगणकीय प्रणालीवर होते. पालकाने खाते उघडायचे, त्यात मुलाचे नाव जोडायचे आणि शुल्क भरायचे, असा तो क्रम आहे. इंग्रजीची सवय नसलेल्या किंवा बँकेचे कार्ड नसलेल्या पालकाला इथेच पहिली ठेच लागते. ग्रंथालयात एक संध्याकाळ ठरवावी, दोन लॅपटॉप मांडावेत आणि शेजारी बसून नोंदणी करून द्यावी. शुल्काची मदत करताना मुलाचे नाव चारचौघांत येणार नाही, याची काळजी सर्वांत आधी घ्यावी. हंगामाच्या आरंभी संस्थेने एकरकमी रक्कम क्लबच्या खजिनदाराकडे द्यावी आणि कोणाचे शुल्क त्यातून भरले हे नोंदणी करणाऱ्या एकाच व्यक्तीला माहीत असावे. प्रशिक्षकालाही ते कळण्याची गरज नाही. मैदानावर सगळ्यांसमोर ‘संस्थेची मुले इकडे या’ असे एकदा जरी म्हटले गेले, तरी त्यांतली निम्मी पुढच्या शनिवारी येत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते म्हणणारा माणूस मनाने चांगलाच होता.

साहित्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण संस्थेचा पैसा इथेच जातो आणि चुकाही इथेच होतात. गेलिक फुटबॉलला तुलनेने कमी लागते : बूट, मोजे आणि दातांचे संरक्षक, जे घालणे सक्तीचे आहे. दातांचे संरक्षक गरम पाण्यात मऊ करून मुलाच्या दातांवर बसवायचे असते, त्यामुळे ते कधीही एकाचे दुसऱ्याला देऊ नये. हर्लिंग आणि कमोगीला कमॉन, स्लिटर म्हणजे कातडी चेंडू, आणि चेहऱ्यावर जाळी असलेले हेल्मेट लागते. हर्लिंगमध्ये 2010 पासून सर्व वयाच्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे आहे आणि मुलांच्या साहित्यात तेच बहुधा सर्वांत महाग असते. वापरलेली हेल्मेटे गोळा करून वाटावीत हा विचार प्रत्येकाला सुचतो, आणि तो वाईट नाही. पण प्रत्येक हेल्मेट हातात घेऊन तपासल्याशिवाय देऊ नये. आत आयर्लंडच्या आयएस 355 या मानकाचा उल्लेख असलेली चिठ्ठी आहे का ते बघावे. जाळीची एखादी सळई वाकवलेली किंवा कापलेली नाही ना, स्क्रू मूळचेच आहेत ना, आतला फोम कडक होऊन भुगा होत नाही ना, हनुवटीचा पट्टा घट्ट बसतो ना, हे अंगठ्याने दाबून आणि ओढून पाहावे. नीट दिसावे म्हणून मुलांनी जाळी फाकवलेली असते. असे बदललेले हेल्मेट मानकात बसत नाही, आणि ते घालून दुखापत झाली तर भरपाईही नाकारली जाऊ शकते. शंका आली तर ते हेल्मेट सरळ मोडीत काढावे, दुरुस्त करू नये.

कमॉनची गोष्ट त्यापेक्षा सोपी आहे. तो परंपरेने अॅश नावाच्या झाडाच्या बुंध्यातून, मुळाकडे वळणाऱ्या भागातून घडवतात, कारण तिथे लाकडाचे तंतू पात्याच्या वळणाप्रमाणे वळलेले असतात. 2012 मध्ये अॅशवरचा बुरशीजन्य रोग आयर्लंडमध्ये आढळल्यापासून हे लाकूड मिळणे अवघड होत गेले आहे, आणि आता बांबूचे व कृत्रिम पदार्थांचे कमॉनही सर्रास दिसतात. मुलांसाठी ते चालतात. माप घेताना कमॉन पायाशेजारी उभा धरावा. त्याचे वरचे टोक साधारण मनगटाशी यावे. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मोठा घेतला की मुलाला तो एका हातात पेलत नाही आणि चार आठवड्यांत त्याचा खेळातला रस जातो. चेंडूचेही तसेच आहे. मोठ्यांचा स्लिटर साधारण 110 ते 120 ग्रॅम वजनाचा आणि चांगलाच टणक असतो. लहानांसाठी मऊ आणि हलका चेंडू मिळतो, तोच घ्यावा.

इथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. साताऱ्याहून मुलीकडे आलेले एक आजोबा नातीला घेऊन आमच्या मैदानावर आले होते. नात जमिनीवरचा चेंडू काठीने उचलून हवेतच फटकावण्याचा सराव करत होती आणि प्रत्येक वेळी चेंडू निसटत होता. आजोबा थोडा वेळ बघत राहिले, मग पुढे होऊन म्हणाले, “अगं, ही विटीच आहे. आधी उडव, नजर तिच्यावर ठेव, मग टोला मार.” तिसऱ्या फटक्याला चेंडू लांब गेला. प्रशिक्षकाने त्यांना पुढच्या आठवड्यालाही यायला सांगितले. खेळ परका वाटणाऱ्या पालकांना विटी-दांडूची, लगोरीची आठवण करून द्यावी. काठीची आणि चेंडूची भीती त्यामुळे लवकर जाते.

बारा वर्षांखालील मुलांसाठी ‘गो गेम्स’ नावाची पद्धत आहे. छोटे मैदान, कमी खेळाडू, प्रत्येकाला पूर्ण वेळ खेळायला मिळणे आणि विजेतेपदावर भर नसणे, अशी तिची रचना आहे. नव्याने येणाऱ्या मुलासाठी यासारखी दुसरी सोय नाही. म्हणून मुले आठ-दहा वर्षांची असतानाच त्यांना आणण्यावर संस्थेने जोर द्यावा. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा कमॉन धरणाऱ्या मुलाला बरोबरीच्यांच्या सहा-सात वर्षांच्या सरावाशी सामना करावा लागतो. त्याच्यासाठी फुटबॉल हा अधिक मोकळा दरवाजा आहे. मुलींच्या पोशाखाबद्दल पालक संकोचाने विचारतात. कमोगीत वर्षानुवर्षे स्कॉर्टची, म्हणजे वरून स्कर्टसारख्या दिसणाऱ्या चड्डीची, सक्ती होती. मे 2025 मध्ये संघटनेने शॉर्ट्सचा पर्याय मान्य केला. आत लेगिंग्ज किंवा डोक्याला रुमाल बांधायचा असेल तर प्रशिक्षकाशी आधी बोलून घ्यावे.

प्रवास हा विषय क्षुल्लक वाटतो, पण मुले गळतात ती बहुधा याच कारणाने. सराव गावातच असतो, सामने मात्र दहा-वीस किलोमीटरवर, आणि रविवारी सकाळी तिकडे बस नसते. आश्रय मागणाऱ्या कुटुंबांच्या निवासकेंद्रातील मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न पूर्णपणे संस्थेवरच येऊन पडतो. दुसऱ्यांच्या मुलांना एकट्या मोठ्या माणसाने गाडीतून नेणे टाळावे. दोन मोठी माणसे असावीत, पालकांची लेखी संमती असावी आणि मुलाला घ्यायचे व सोडायचे ठिकाण ठरलेले असावे. शक्य असेल तिथे मिनीबस भाड्याने घेणे हाच सरळ मार्ग आहे. अंदाजपत्रकात साहित्याइतकीच रक्कम प्रवासासाठी धरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, पडताळणी कायद्याने आवश्यक आहे, आणि ती मिळेपर्यंत मैदानावर मुलांची जबाबदारी घेता येत नाही. या अर्जात जन्मापासूनचे राहण्याचे सर्व पत्ते द्यावे लागतात. आपल्या लोकांची इथे फार तारांबळ उडते : वडिलांच्या बदल्या, वसतिगृह, पुण्यातली भाड्याची खोली, मुंबईतले मामांचे घर. घरी फोन करून वर्षांसह पत्ते एका कागदावर लिहून घ्यावेत आणि मगच अर्ज भरायला बसावे. मधली दोन वर्षे राहून गेली तरी अर्ज परत येतो. संस्थेसाठी झालेली पडताळणी क्लबला आपोआप लागू होईल असे गृहीत धरू नये, क्लबसाठी वेगळी करावी लागते. बालसुरक्षेचे प्राथमिक प्रशिक्षणही क्लबच्या मदतीने पूर्ण करावे. लहान संस्थेला पडताळणी स्वतः करता येत नसेल तर परगण्यातील स्वयंसेवक केंद्राकडे चौकशी करावी. उत्तर आयर्लंडमध्ये हे काम अॅक्सेस एनआय ही यंत्रणा करते. मुलांची छायाचित्रे संमतीशिवाय कुठेही टाकू नयेत, आणि आश्रयार्थी कुटुंबांच्या मुलांची तर संमती असली तरी टाळावीत; त्यांचा ठावठिकाणा उघड होणे त्यांना महागात पडू शकते.

पैसा उभा करताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. करसवलतीस पात्र असलेल्या धर्मादाय संस्थेला एका व्यक्तीने वर्षभरात किमान 250 युरो दिले, तर संस्थेला त्यावर 31 टक्के दराने करपरतावा मागता येतो. देणगी ही कर कापल्यानंतरची रक्कम मानून हा हिशेब होतो, म्हणून 250 युरोंच्या देणगीवर तो सुमारे 112 युरो होतो. महिन्याला 21 युरो देणारे दहा लोक मिळवणे हे एकदाच मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा अधिक भरवशाचे असते. मात्र देणगीच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळता कामा नये, म्हणून पालकाने आपल्याच मुलाचे शुल्क देणगीच्या रूपाने भरणे चालत नाही. रस्त्यावर किंवा घरोघरी डबा फिरवायचा असेल तर गार्डांचा परवाना लागतो; त्यासाठी स्थानिक ठाण्यात बऱ्याच आधी अर्ज करावा. स्थानिक प्राधिकरणाच्या क्षेत्रातील सार्वजनिक सहभाग जाळ्यात (पब्लिक पार्टिसिपेशन नेटवर्क) संस्थेचे नाव नोंदवावे, कारण लहान अनुदानांच्या सूचना तिथून मिळतात. स्पोर्ट आयर्लंडच्या स्थानिक क्रीडा भागीदारी कार्यालयाशीही ओळख ठेवावी. क्लबच्या साप्ताहिक लॉटरीत मात्र संस्थेने पडू नये, ते क्लबचे उत्पन्न आहे.

मोठ्यांना विसरू नये. ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ या उपक्रमात ज्या स्त्रियांनी कधी चेंडूला पाय लावलेला नाही, त्या आठवड्यातून एकदा स्पर्धेविना फुटबॉल खेळतात. परदेशात येऊन घरात एकट्या पडलेल्या आपल्या कितीतरी भगिनींना गावातल्या पहिल्या मैत्रिणी तिथेच मिळतात, असा माझा अनुभव आहे. त्या वेळी लहान मुलांकडे कोण बघणार, हा प्रश्न संस्थेने सोडवला की त्या येऊ शकतात. पुरुषांना गोलखांबाशी झेंडा घेऊन उभे राहायला, जाळ्या लावायला, धावफलक सांभाळायला बोलवावे. गोलला तीन गुण, आडव्या दांडीवरून गेलेल्या चेंडूला एक, आणि 2025 पासून फुटबॉलमध्ये चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन, एवढे कळले की धावफलक सांभाळता येतो.

हे खेळ आपले होतील का, असे विचारणाऱ्या पालकांना शॉन ओग ओ हॅलपीन यांचे नाव सांगावे. त्यांची आई फिजीतील, त्यांचा जन्मही तिथलाच; 2005 मध्ये ते कॉर्क परगण्याचे कर्णधार म्हणून ऑल-आयर्लंड हर्लिंग अजिंक्यपद जिंकले आणि त्यांनी भाषण आयरिश भाषेत केले. पाकिस्तानात जन्मलेले शेरोज अक्रम 2016 मध्ये मेयो परगण्याच्या एकवीस वर्षांखालील विजेत्या संघात होते. आणि 31 जुलै 2020 रोजी, साथीच्या काळात, क्रोक पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली.

हंगाम संपताना, साधारण ऑक्टोबरात, दिलेले साहित्य परत गोळा करावे. आम्ही प्रत्येक हेल्मेटच्या आत क्रमांकाची पट्टी लावतो आणि वहीत क्रमांकापुढे माप लिहितो. मुलाचे नाव त्या वहीत नसते, ते वेगळ्या वहीत कुलपात असते. हेल्मेटे कोमट पाण्याने पुसून, सावलीत वाळवून, एकावर एक न रचता फळीवर ठेवावीत; ओलसर पेटीत ठेवली तर फोमला बुरशी येते. किती मुले आली यापेक्षा किती मुले टिकली हा आकडा काढावा, आणि जी गळली त्यांच्या घरी एकदा जाऊन चहा घेता घेता कारण विचारावे. मागच्या वर्षी आम्हाला तीन घरांत एकच उत्तर मिळाले : हिवाळ्यात सरावाची वेळ संध्याकाळी सातची झाली आणि मैदानाच्या रस्त्यावर दिवे नव्हते. फेब्रुवारीत नोंदणी उघडण्यापूर्वी क्लबशी बोलून लहान गटाची वेळ शनिवारी सकाळी करून घेतली. त्या तीन घरांतून पाच मुले परत आली. त्यांपैकी दोघांना आता एक माप मोठे हेल्मेट लागणार आहे.